विजय कोणी व्हायचं?

२०२५च्या नोव्हेंबरात धर्मेंद्र गेला, त्या संध्याकाळी विट्याहून वहिनीचा फोन आला. "वन्सं, तुमच्या दादाचा हिरो गेला बघा." मग थोडा वेळ आम्ही दोघीही काही बोललो नाही. दादाला जाऊन अकरा वर्षं झाली. तो असता तर त्या दिवशी टीव्हीसमोरून हलला नसता, जेवणाचं ताटही तिथेच मागितलं असतं. आणि रात्री मला फोन करून चाळीस वर्षं विचारलेला तोच प्रश्न पुन्हा विचारला असता : "आता तरी कबूल कर. 'जंजीर'मध्ये धर्मेंद्र पाहिजे होता की नाही?"

मी कधीच कबूल केलं नाही. त्यानेही हट्ट सोडला नाही. आमच्या घरात दिवाळीला चकली बिघडली तरी चालेल, पण हे भांडण व्हायलाच हवं, असा रिवाज होता. आता भांडायला दादा नाही, म्हणून म्हटलं, एकदा शांतपणे बसून निकाल लावून टाकावा. पेपर तपासण्यात उभा जन्म गेलाय, एवढं जमायला हरकत नाही!

ज्या तरुण मंडळींना हे प्रकरण माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 'जंजीर' ११ मे १९७३ला आला. कथा-पटकथा सलीम-जावेद यांची, दिग्दर्शक प्रकाश मेहरा. इन्स्पेक्टर विजय खन्ना हा त्याचा नायक. दिवाळीच्या रात्री लहानग्या विजयसमोर त्याच्या आईवडिलांचा खून होतो. मारेकऱ्याचा चेहरा त्याला दिसत नाही, दिसते ती फक्त मनगटातली साखळी आणि तिला लटकणारा पांढरा घोडा. तो घोडा पुढे वीस वर्षं त्याच्या स्वप्नात येत राहतो. आज आपण म्हणतो, विजय म्हणजे अमिताभ, दुसरं कोण असणार? पण हा सिनेमा अमिताभसाठी नव्हताच. आधी ही कथा धर्मेंद्रकडे होती, तोच करणार होता. त्याचं काही जमलं नाही. मग देव आनंदला विचारलं, राजकुमारला विचारलं. दोघांनीही नाही म्हटलं. दिलीपकुमारचंही नाव काहीजण घेतात. एवढे सगळे झाल्यावर गाडी येऊन थांबली ती एका तीस वर्षांच्या उंच, किडकिडीत मुलापाशी, ज्याचे सिनेमे एकामागून एक पडत होते. 'बॉम्बे टू गोवा'मधली त्याची मारामारी पाहून त्याचं नाव पुढे आलं. सुचवलं कोणी, तर कुणी प्राणचं नाव घेतं, कुणी सलीम-जावेदचं. यशाला बाप पुष्कळ असतात.

तर आमच्या घरात या नाकारलेल्या प्रत्येकाचा एकेक वकील होता. आमच्या ह्यांचा देव आनंद. आमच्या शाळेच्या हेडमास्तरांचा राजकुमार (ते घरचे नव्हते, पण दर रविवारी चहाला असायचे, म्हणजे घरचेच). आणि दादाचा धर्मेंद्र. मी एकटी अमिताभच्या बाजूने.

देव आनंदपासून सुरुवात करते, कारण ह्यांना आधी गप्प करावं लागायचं. देव आनंद १९७३ साली पन्नाशीला टेकला होता. पण हे म्हणायचे, "वयाचं काय घेऊन बसलीस? 'जॉनी मेरा नाम'ला सत्तेचाळीस वर्षांचा होता, कुणाला कळलं का?" ते खरं होतं. पोलीस अधिकारीही त्याने 'सीआयडी'पासून केले होते. अडचण वयाची नव्हतीच. 'जंजीर'मध्ये नायकाच्या तोंडी एकही गाणं नाही, आणि हेच देव आनंदला पटलं नाही, असं सांगतात. मला तर वाटतं, त्याने बरोब्बर ओळखलं. देव आनंदच्या चालण्यातच गाणं होतं. तो खुनाचा तपास करायला निघाला तरी फिरायला निघाल्यासारखा दिसायचा. वीस वर्षं रोज रात्री घामाघूम होऊन जागा होणारा माणूस म्हणून त्याला डोळ्यांसमोर आणून पाहा. मला तर तो उठून आरशात केसांचा कोंबडा नीट करतानाच दिसतो. हे यावर रागवायचे आणि उठून बागेत जायचे.

राजकुमारची गंमत वेगळीच. या सगळ्या यादीत खाकी वर्दी खरोखर अंगावर घातलेला एकच माणूस होता, तो राजकुमार. सिनेमात येण्याआधी तो मुंबई पोलिसात सब-इन्स्पेक्टर होता. खऱ्या फौजदाराने पडद्यावरचा फौजदार नाकारला! हेडमास्तर म्हणायचे, "बाई, पोलीस स्टेशनातला तो प्रसंग राजकुमारच्या आवाजात ऐका म्हणजे कळेल." तो प्रसंग ठाऊक असेलच. प्राणचा शेरखान ठाण्यात येतो, खुर्चीवर बसायला जातो आणि विजय ती खुर्ची लाथेने उडवतो. राजकुमारच्या तोंडी ते संवाद म्हणजे थिएटरात चिल्लर उधळली गेली असती, यात शंका नाही. पण राजकुमारला राग यायचा का कधी? समोरच्याची त्याला गंमत वाटायची. तो समोरच्याला कस्पटासमान लेखायचा, आणि ज्याला आपण कस्पट समजतो त्याचा राग येत नाही. विजयला राग येतो, कारण त्याला कुठेतरी लागलेलं आहे. राजकुमारला काही लागलेलं आहे असं मला त्याच्या एकाही सिनेमात फारसं वाटलं नाही. हेडमास्तर हे ऐकून चहाचा घोट घ्यायचे आणि म्हणायचे, "मराठीच्या बाईंशी वाद घालू नये."

आता दादाचा धर्मेंद्र.

त्यासाठी १९७३ साल सांगावं लागेल. आमचं विटं म्हणजे खानापूर तालुका, पाऊस मुळातच रुसलेला. त्यात बहात्तरचा दुष्काळ. रेशनवर तांबडा मिलो, दुष्काळी कामावर सुकडी. चांगल्या घरच्या बायका खडी फोडायला जात होत्या. मी नुकतीच बी.ए. झाले होते आणि बी.एड.ला नंबर लागायची वाट बघत होते. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, बी.कॉम. झालेला, घरी बसून. त्याने फौजदारासाठी अर्ज केला होता. लेखी झाली, धावण्यात तो पहिल्या चारांत आला. उंची पाच फूट अकरा इंच. आणि छाती दीड इंच कमी भरली! फुगवून बघितली, पुन्हा फुगवून बघितली, पण भरेना. त्या एका टेपने दादाचा निकाल लावला. घरी येऊन त्याने काही सांगितलं नाही. आईने ताट वाढलं तेव्हा नुसतं "नको" म्हणाला. आईने काय ते ओळखलं.

त्या दिवाळीच्या सुमारास 'जंजीर' सांगलीला लागला. आम्ही एस.टी.ने गेलो, मी, दादा आणि त्याचे दोन मित्र. सिनेमा सुरू झाला. लोक आधी प्राणसाठी टाळ्या वाजवत होते. या नवीन हिरोकडे कोणी फारसं बघत नव्हतं. मग ती खुर्ची उडाली आणि थिएटर एकदम चूप झालं. शिट्ट्या नंतर आल्या, आधी ती शांतता आली. मी ती विसरलेली नाही. हा कोण आहे, याला एवढं कशाचं दुखतंय, असं काहीसं त्या शांततेत होतं.

परतीच्या गाडीत सगळे बडबडत होते आणि दादा खिडकीतून बाहेर बघत होता. मी विचारलं, "आवडला नाही का रे?" तर म्हणाला, "फौजदार असला काटकुळा असतो होय? याची छाती कोणी मोजली?"

बास. त्या दिवसापासून दादा धर्मेंद्रच्या पक्षात गेला, तो गेलाच. त्याचा मुद्दा साधा होता. इन्स्पेक्टर म्हणजे कसा भारदस्त पाहिजे, 'फूल और पत्थर'मधल्या धर्मेंद्रसारखा. मनगट बघून गुंडाने दोन पावलं मागे सरलं पाहिजे. हा बच्चन म्हणजे वर्दीत घातलेला बांबू. हे तो बोलायचा तेव्हा मी त्याच्याकडे बघायची. उंच, किडकिडीत, केस कानावर, आवाज खर्जातला. विट्यात सगळ्यांना दिसत होतं ते त्याला दिसत नव्हतं असं नाही. पुढे १९७५ साली तो एस.टी.त कंडक्टर म्हणून लागला. कॉलेजची पोरं गाडीत चढली की "ए बच्चन, तीन तिकिटं दे" म्हणायची. दादा चिडायचा नाही, निमूट तिकिटं फाडायचा. पण घरी आला की पुन्हा धर्मेंद्र.

म्हणून त्याच्याशी वाद घालताना मला फार जपून बोलावं लागायचं. "अमिताभ असाच पाहिजे होता, बारीकच पाहिजे होता" हे माझं म्हणणं मी त्याला पुरतं कधी सांगितलं नाही. आज सांगते. विजयची ताकद दंडात नाहीच. धर्मेंद्रने खुर्ची उडवली असती तर आपण म्हटलं असतं, उडवणारच, एवढा पैलवान गडी. अमिताभ उडवतो तेव्हा समोर उभा असतो रुंद छातीचा, लाल दाढीचा पठाण प्राण, आणि आपल्या पोटात गोळा येतो, की हा आता मार खाणार. पुढे दोघं रस्त्यावर भिडतात तेव्हाही तीच धाकधूक. १९७३ साली तो नट जिंकेल की हरेल हे खरोखरच कोणाला माहीत नव्हतं. त्याची आधीची कारकीर्द तर हरण्याचीच होती. विजयला लाचेच्या खोट्या आरोपात अडकवून तुरुंगात टाकतात, वर्दी जाते, तेव्हा धर्मेंद्र असता तर आपण निवांत शेंगदाणे खात बसलो असतो. सुटेल, मारेल, नाचेल. इथे तसं वाटत नाही.

आणि ते प्राणचं दोस्तीचं गाणं घ्या. सगळं गाणं प्राण नाचतो, ते कशासाठी? तर रुसून बसलेल्या मित्राने एकदा हसावं म्हणून. अमिताभ बसून असतो. शेवटी जरासा हसतो, तेव्हा आपल्यालाच बरं वाटतं. त्या जागी धर्मेंद्र बसवून पाहा. सगळं थिएटर वाट बघत राहील, की हा कधी उठतो आणि प्राणच्या गळ्यात हात टाकून नाचतो. धर्मेंद्रसारखा दिलदार माणूस असा गप्प बसलेला लोकांना बघवलाच नसता.

पण मी पेपर प्रामाणिकपणे तपासते, तेव्हा दुसरी बाजूही लिहायला हवी. दादाने नेहमी चुकीचे पुरावे आणले. तो 'फूल और पत्थर' आणायचा, 'मेरा गाँव मेरा देश' आणायचा, धर्मेंद्रचे दंड आणायचा. त्याने एकदा जरी 'सत्यकाम' आणला असता, तर माझी पंचाईत झाली असती. १९६९चा हृषीकेश मुखर्जींचा सिनेमा. त्यातला सत्यप्रिय हा इंजिनियर खोटं बोलत नाही, सही विकत नाही, नोकऱ्या बदलत राहतो आणि आतल्या आत जळत जातो. त्यात धर्मेंद्रने एक बुक्की मारलेली नाही, आणि तरी त्याच्याइतका चिडलेला माणूस मी हिंदी पडद्यावर फार कमी पाहिला. तो धर्मेंद्र जर 'जंजीर'मध्ये आला असता, तर... तर काय, ते सांगणं कठीण. कदाचित विजय जास्त दुःखी झाला असता आणि कमी भीतिदायक. सिनेमा चालला असता, धर्मेंद्रचा आणखी एक चांगला सिनेमा म्हणून आपण तो आठवला असता. पण मग १९७५ला 'दीवार' तसा आला असता का? तिथेही राजेश खन्नाचं नाव निघालं होतंच. विजय हे नाव पुढे ज्या एका चेहऱ्याला चिकटलं, तो चेहराच नसता.

नाटकवाल्यांना हे कोडं पडत नाही. 'नटसम्राट'चे अप्पा बेलवलकर १९७०मध्ये डॉ. श्रीराम लागूंनी उभे केले, मग दत्ता भट आले, सतीश दुभाषी आले, आणि आमची पिढी तीनतीनदा जाऊन ताडून बघायची. लागूंचे अप्पा वेगळे, दत्ता भटांचे वेगळे. भूमिका कोणा एकाची झाली नाही. सिनेमात मात्र एकदा रीळ भरलं की संपलं. बाकीच्यांना फक्त आपल्यासारख्यांच्या कल्पनेतच काम मिळतं.

असं मी समजत होते. पण दोन वर्षांपूर्वी नातवाने एक नवीनच गोष्ट पुढे आणली. तो हैदराबादला नोकरीला असतो. म्हणाला, "आजी, तुमचा तो खेळ कल्पनेत कशाला खेळता? खरंच झालाय तो." आणि खरंच की! १९७४मध्येच तेलुगूत 'निप्पुलांटि मनिषि' आला, त्यात विजयच्या जागी एन. टी. रामाराव. त्याच वर्षी तमिळमध्ये 'सिरित्तु वाळ वेण्डुम', त्यात एम. जी. रामचंद्रन. रामाराव देव आनंदच्याच वयाचे, दोघंही १९२३चे. एमजीआर तर सत्तावन्न वर्षांचे. देव आनंदचं वय झालं होतं म्हणणाऱ्यांचं तोंडच बंद! हे ऐकायला आमचे हे असते, तर आठवडाभर घरात शीळ घालत फिरले असते.

नातवाने मला दोन्हीतले तुकडे लावून दाखवले. भाषा समजत नव्हती, पण गोष्ट तोंडपाठ असल्यामुळे अडलं नाही. एमजीआरची तर कमालच. त्यांनी इन्स्पेक्टरही केला आणि शेरखानच्या जागचा तो मुसलमान दोस्तही त्यांनीच केला! आमच्या शाळेच्या गॅदरिंगला एक मुलगा असाच होता, शिवाजीही मीच आणि अफझलखानही मीच म्हणून रडायला लागायचा. त्याची आई शिक्षिका होती, म्हणून ऐकावं लागायचं. गंमत सोडा, पण मला जे बघायचं होतं ते तिथे दिसलं. रामाराव काय, एमजीआर काय, पडद्यावर येतात तेच मुळी जिंकून. लोक त्यांना देव मानत होते. देवाची खुर्ची कोण ओढणार? त्यांना बघायला लोक येत होते आणि त्यांनी लोकांना निराश केलं नाही. पुढे हे दोघंही मुख्यमंत्री झाले, एमजीआर १९७७ला आणि रामाराव १९८३ला. विजय खन्नाच्या गोष्टीत तेवढी ताकद होती म्हणायची! मात्र पोटात गोळा काही आला नाही.

२०१३ला हिंदीतच पुन्हा 'जंजीर' काढला, रामचरणला घेऊन. तो मुलगा व्यायाम करून कमावलेला, देखणा, नाचायलाही तरबेज. दादाच्या कसोटीला शंभर टक्के उतरला असता. छातीचा प्रश्नच नाही! दादा तेव्हा होता, पण आजारी होता. मी त्याला फोनवर म्हटलं, "घे, तुझ्या मनासारखा इन्स्पेक्टर आलाय." तर खोकत खोकत म्हणाला, "त्याच्यात काही दम नाही." मी विचारलं, "का? चांगला पैलवान तर आहे." थोडा थांबून म्हणाला, "त्याला कुणी नाही म्हटल्यासारखं वाटत नाही." आणि लगेच विषय बदलून पाऊस-पाण्याचं बोलायला लागला.

मी चाळीस वर्षं जे त्याला सांगायचं टाळत होते ते त्याला माहीत होतं, असं मी धरून चालले आहे. पण त्याने धर्मेंद्रचा पक्ष शेवटपर्यंत सोडला नाही, हेही लिहून ठेवते. नाहीतर पुतणे मंडळी वाचतील आणि म्हणतील, आत्याने बाबांना परस्पर फितूर केलं.

बायकांचं काम करायचं कोणी, यावर मात्र आमच्याकडे कधी कुणी भांडलं नाही. खरं म्हणजे तिथेही तेच झालं होतं. चाकू-सुऱ्यांना धार लावत फिरणारी माला आधी मुमताज करणार होती, मग जया भादुरी आली. नायिकेला या सिनेमात काम थोडं, तरी एक जागा तिची आहे. मारामारीत पडणार नाही असं ती विजयकडून वचन घेते, आणि मग तो नुसता विझून बसलेला बघून तीच ते वचन परत करते. मुमताज ठसक्यात उत्तम होती, धार लावायचं काम तिने जयापेक्षा झकास केलं असतं. पण ते वचन परत करण्याचं? तिथे मला जयाच हवी.

परवा वहिनीला फोनवर यातलं निम्मं वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वन्सं, तुमचं सगळं बरोबर असेल, पण तुम्ही दोघं बहीणभाऊ उगाच भांडत बसलात. विनोद खन्नाला घ्यायला पाहिजे होतं." मी म्हटलं, अगं, त्याचं नाव त्या यादीत कुठे आलेलं मी वाचलेलं नाही. तर म्हणते, "तेच तर म्हणते मी, त्याला कुणी विचारलंच नाही. उंच होता, भारदस्त होता, आणि 'अचानक'मध्ये वर्दीत कसा दिसतो बघितलंय का तुम्ही?"

बघितलंय. आता तो सिनेमा पुन्हा लावून बसावं लागणार. नातवाला सांगितलंय शोधून द्यायला.